सोजरबाईंचं भरल्या पोटी उपोषण

हडपसरच्या सोजरबाईंना राग आला की हसू यायचं. हे काही कौतुकानं सांगण्यासारखं नाही, फार गैरसोयीचा रोग आहे तो. सासू शिव्या द्यायची, सोजरबाई तोंडाला पदर लावून खुदखुदायच्या, मग सासू दुप्पट शिव्या द्यायची आणि यांचं हसू चौपट व्हायचं. लग्नानंतर दत्तोबानं, म्हणजे नवऱ्यानं, पहिल्यांदा आवाज चढवला तेव्हा त्या इतक्या हसल्या की ओरडता ओरडता तोही हसत सुटला, आणि पुढची तीस वर्षं त्या घरात कुणाला धड भांडताच आलं नाही. आता बोला!

गगनश्री एम्पायर नावाची अकरा मजली इमारत जिथं उभी आहे तिथं पूर्वी कांद्याचं वावर होतं. त्या वावरात सोजरबाईंनी रोजंदारीनं खुरपलं होतं. आता बावन्नाव्या वर्षी त्याच जागेवर त्या पाच घरची धुणीभांडी करत. "आधी वाकून खुरपत हुते, आता वाकून फरशी पुसती. जागा तीच, वाकणं तेच," असं म्हणायच्या आणि वर हसायच्या. इमारतीत बहुतेक सगळी कॉम्प्युटरवाली माणसं. नवराबायको सकाळी गळ्यात पट्टे अडकवून बाहेर पडणार आणि घर सोजरबाईंच्या हवाली. कपाटाची किल्ली कुठं असते, साहेबांना कुठली गोळी सोसत नाही, बाईंची आई कधी येणार आणि ती आल्यावर घरात काय होणार, सगळं यांना ठाऊक.

दोन हजार पाच सालच्या श्रावणाच्या तोंडावर सोसायटीला नवे चेअरमन लाभले. विश्वजीत खर्डेकर, अकरावा मजला, वय अडतीस, आयटी कंपनीत मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण आठवडाभर हाताखाली चाळीस माणसं असली की रविवारी करमत नाही, तसलं त्याचं झालं होतं. पंधरा दिवसांत त्यानं नऊ नोटिसा काढल्या. गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत. कुंडीखाली ताटली ठेवावी. लॉबीत मोठ्यानं हसू नये, ही खास सोजरबाईंसाठी असावी. आणि दहावी अशी: मोलकरणी, ड्रायव्हर, दूधवाले व तत्सम व्यक्तींनी पुढची लिफ्ट वापरू नये, मागची वापरावी, नियम मोडल्यास गेटपास जप्त.

पुढच्या लिफ्टला आरसा होता, पंखा होता. मागच्या लिफ्टमधून कचऱ्याचे डबे जायचे आणि ती महिन्यातले वीस दिवस बंद असायची. उरलेल्या दहा दिवसांत तिचा भरवसा नसायचा.

सोजरबाईंनी ती नोटीस चौथ्या मजल्यावरच्या बापूरावांकडून वाचून घेतली.

"तत्सम मंजी कोण वो?"

"लिहिणाऱ्याला ज्यांची नावं ठाऊक नाहीत अशी माणसं," बापूराव म्हणाले.

हे बापूराव म्हणजे टपालखात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, विधुर, आणि बोलणं असं की समोरच्याला टोमणा घरी गेल्यावर कळावा. पंचावन्न साली, एकोणीस वर्षांचे असताना, ते पुण्याहून सत्याग्रहींच्या तुकडीबरोबर गोव्याच्या सरहद्दीवर गेले होते. तिथं काठी बसली ती डाव्या भुवईवर, तो वण अजून होता. सोजरबाई त्यांची भांडी घासायच्या आणि ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचून दाखवायचे. त्यांना ऐकायला कुणी हवं असे, सोजरबाईंना हसायला काही हवं असे. छान जमलं होतं दोघांचं.

नोटीस लागून तीन दिवस झाले नाहीत तोच श्यामला सापडली. श्यामला वाशीमकडची, चोविशीची, नवरा कारखान्यात, आणि तिला सातवा महिना सरत आलेला. नवव्या मजल्यावर तिची दोन घरं होती. मागची लिफ्ट बंद, जिना चढायचा म्हणजे जीव घशाशी. गेली बिचारी पुढच्या लिफ्टनं. खाली आली तर पोपट वॉचमन हात पुढं करून उभा. पास घेताना त्याचंच तोंड रडवेलं झालं होतं, पण हुकूम तो हुकूम. पास नाही म्हणजे गेटच्या आत पाऊल नाही. दोन्ही घरच्या बायकांनी सांगितलं, आठ दिवस वाट बघू, नाहीतर दुसरी बाई ठेवू. आणि कामं सुटली की बाळंतपणाच्या तोंडावर बिऱ्हाड मोडून वाशीमची एसटी धरायची, दुसरं काय?

हे ऐकलं आणि सोजरबाई हसत सुटल्या. खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी.

"तुमाले हासू येते का मावशी?" श्यामलाचा चेहरा पडला.

"अगं राग आलाय मला, राग! लई राग आलाय!" सोजरबाई पोट धरून म्हणाल्या, आणि तशाच चौथ्या मजल्यावर गेल्या. "बापूराव, मी त्या लिफ्टमधी मिरच्यांची धुरी देती."

"द्या. मग खर्डेकर पोलीस बोलावील, पोलीस तुम्हाला नेतील आणि लिफ्टला आणखी एक पंखा बसेल. उत्तम बेत आहे."

"मग करू तरी काय?"

बापूरावांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. असं ते क्वचित करत. "त्याला लाज वाटेल असं काहीतरी करा, पण त्याची अब्रू न घेता. अवघड आहे, म्हणून कुणी करत नाही. चार गोष्टी पाळायच्या. हात उचलायचा नाही. खोटं बोलायचं नाही. पळून जायचं नाही. आणि समोरच्याची फजिती झाली तर हसायचं नाही."

"ते चवथं मला जमायचं न्हाई."

"मग घरी बसा."

"पर हसलं तर काय बिघडतं वो?"

"हसलात की तो शत्रू झाला. शत्रू आपलं ऐकत नसतो. आपल्याला तर त्यानं ऐकायला हवंय ना?"

सोजरबाईंनी चार भांडी घासून होईतो विचार केला आणि हात पुसत जाहीर केलं, आपण उपोषणाला बसणार. लिफ्टसमोर, सतरंजी टाकून. बापूरावांनी वण खाजवला. "झेपेल?" म्हणाले. "मला काय सांगताय? परकरात हुते तवापास्नं सोमवार धरती मी," सोजरबाई म्हणाल्या. आणि इथंच माती खाल्ली. उपाशी राहायचंच आहे तर सोमवारी बसू, म्हणजे एका दगडात दोन पक्षी, असा त्यांनी सरळ हिशेब केला. श्रावणातला सोमवार! बापूरावांना वार कळला असता तर त्यांनी थांबवलं असतं, पण तो त्यांना सांगायचा राहिला आणि त्या सोमवारी ते दाढ काढायला बुधवार पेठेत गेले होते.

सोमवारी सकाळी नऊला लॉबीत सतरंजी पडली. सोजरबाई आणि इमारतीतल्या अकरा मोलकरणी, लिफ्टची वाट सोडून शिस्तीत. श्यामलाला आत यायला बंदी, म्हणून ती गेटबाहेर पालथ्या बादलीवर बसलेली. तिनंच सुबक अक्षरात पुठ्ठा रंगवला होता: जप्त केलेला पास परत द्या, तोवर उपोषण. कुणी ओरडायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळं बायका हळूच भजनं म्हणत होत्या.

दहाला सातव्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या, पुठ्ठा वाचला, डोळे मोठे केले. "अगंबाई, सोजरबाई! सोमवार ना तुमचा? आणि अशा कोरड्या बसलात?" पाचव्या मिनिटाला साबुदाण्याच्या खिचडीचा डबा हजर, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड.

आता मला सांगा, श्रावणी सोमवारी उपासकरी बाईपुढं कुणी आपल्या हातचा फराळ आणून ठेवला तर तिनं नको म्हणायचं? कुठल्या तोंडानं? बरं, खिचडीनं उपास मोडतो म्हणावं तर आजवर महाराष्ट्रात कुणाचाही मोडलेला नाही. सोजरबाईंनी हात जोडले आणि खिचडी खाल्ली. सातव्यानं दिली हे कळल्यावर तिसरा मजला मागं कसा राहील? तिसऱ्यानं वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी धाडली. सहाव्याचा रताळ्याचा कीस आला. दहाव्याचे राजगिऱ्याचे लाडू. लखनौकडची एक नवी सून होती, तिनं शिंगाड्याच्या पुऱ्या तळून आणल्या आणि वाकून नमस्कारसुद्धा केला. चारपर्यंत सतरंजीवर सोळा डबे! बारा बायका फराळ करतायत, कुणाचा साबुदाणा मोकळा झाला आणि कुणाचा गोळा झाला यावर निवाडे देतायत, पोपटचाही सोमवार होता म्हणून त्याला लाडू जातोय, गेटबाहेर श्यामलाला कीस जातोय. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात, हा तर सोमवार होता, चौपट झाला.

साडेसहाला विश्वजीत ऑफिसातून आला. सोजरबाईंच्या तोंडात तेव्हा अख्खा साबुदाणावडा होता. तो ओरडला नाही. त्यानं पुठ्ठा वाचला, डबे मोजले, खिशातून नवाकोरा कॅमेऱ्याचा मोबाइल काढला आणि सोजरबाईंचा गाल फुगलेला असतानाच फोटो घेतला. पाऊण तासात तो फोटो चव्वेचाळीस घरांच्या कॉम्प्युटरवर. विषय: आमरण उपोषण, सोबत मेनू. खाली अकरावी नोटीस, उद्यापासून लॉबीत बसणाऱ्यांचे पास जप्त. सगळी इमारत हसली. ज्यांनी डबे दिले होते तीसुद्धा हसली.

तेवढ्यात बापूराव आले. तोंडात कापसाचा बोळा, गाल सुजलेला, बोलायची सोय नाही. सोळा डब्यांवरून त्यांची नजर फिरली आणि भुवईवरचा वण लालबुंद झाला. "फऱ्हाऽळ?" एवढंच बाहेर पडलं. मग खिशातल्या औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी खसाखसा लिहिलं आणि गेटपाशी जाऊन कागद श्यामलाच्या हातात वाचायला दिला, बायकाही मागोमाग गेल्या. तिनं गजांतून हळूहळू वाचलं: सत्याग्रहाला बसलात आणि हळदीकुंकू करून उठलात.

बायका फिदीफिदी हसल्या. श्यामला नाही हसली. तिनं चिठ्ठी घडी करून परत केली आणि विचारलं, "मंग माह्या पासचं काय झालं जी?"

सोजरबाईंनी तोंडाला लागलेला फराळ पदरानं पुसला. पोटात सोळा घरचा फराळ आणि पोर बादलीवर सकाळपासून बसलेली. लाज वाटली त्यांना, अगदी आतून. हसू आलं नाही.

घरी सोळा डबे ओट्यावर मांडलेले बघून दत्तोबा म्हणाला, "दुकान काढतीस काय?" पण सोजरबाईंचं डोकं वेगळीकडंच. डबे तर उद्या परत द्यायला हवेत, आणि शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे कुठल्याही मराठी बाईला सांगावं लागत नाही. घरात होतं ते काढलं. प्रत्येक डब्यात गुळाचा खडा आणि दारच्या झाडाची कढीपत्त्याची डहाळी. आणि खोटं बोलायचं नाही म्हणजे काय करायचं, तेही त्यांनी झाकणं लावता लावता ठरवून टाकलं.

मंगळवारी सकाळी दोन पिशव्या भरून त्या जिन्याला लागल्या. मागची लिफ्ट बंदच होती. दुसऱ्या मजल्यावर पहिली बेल. दार उघडलं. सोजरबाईंनी डबा पुढं केला. "बाई, खिचडी झकास हुती. पर कालचं माझं उपोषण खोटं झालं. उपाशी बसती म्हणले आन जेवले. चूक झाली, माफी करा. श्यामलाचा पास मात्र खराच गेलाय." एवढं बोलून पुढच्या दाराला. कुणी हसलं, कुणी अवघडलं, कुणी "असू द्या हो" म्हणून दार लावलं. तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्यावर गुडघे बोलायला लागले. सातव्यावर बेल वाजवून त्या उंबऱ्याशीच बसल्या, कारण उभं राहवेना.

सातव्यावरच्या बाईंनी दार उघडलं आणि त्या दचकल्याच. "काय झालं? लिफ्टनं नाही का आलात?"

"पुढली तुमची. मागली बंद."

"कधीपासून?"

"ती चालू कधी असती?"

"म्हणजे तुम्ही रोज जिन्यानं येता?"

"मग काय उडत येती व्हय?"

बाई डब्यातला कढीपत्ता बघत राहिल्या. नोटीस त्यांना आली होती. हरकत असल्यास कळवावे असं खाली लिहिलं होतं. त्यांनी कळवलं नव्हतं, इमारतीत कुणीच नव्हतं कळवलं. सोजरबाई लाल चेहऱ्यानं उंबऱ्यावर धापा टाकत बसल्या होत्या. बाईंनी पायात चपला सरकवल्या. एक पिशवी उचलली. "चला," म्हणाल्या.

"कुटं?"

"वर. मी पण येते जिन्यानं. बघू तरी."

आठव्याला त्यांनीच बेल वाजवली आणि तिथल्या बाईंना ओढलं. नवव्याला श्यामलाच्या दोन्ही घरच्या बायका निघाल्या, त्यांना तर तोंड वर करवेना. अकराव्याला पोचेपर्यंत नऊजणी झाल्या, नऊजणींचे श्वास भात्यासारखे चाललेले, आणि शेवटची बेल वाजली ती चेअरमनच्या दाराची. दार शेफालीनं उघडलं. विश्वजीतची बायको, तीही आयटीतच, सोमवारपासून सर्दीनं रजेवर.

"हा तुमचा डबा," सोजरबाई म्हणाल्या. "वडा एक नंबर हुता बाई. फोटूत आला."

शेफालीनं कपाळावर हात मारला. नवऱ्याच्या फोटोतला तो वडा तिच्याच कढईतला होता आणि तिनं हे घरात सांगितलेलं नव्हतं. मग काय विचारता! नऊजणी जिन्यावर बसून हसल्या, शेफाली शिंकत हसली. सोजरबाईंनी हात जोडून सांगितलं, साहेबांना चिडवू नका, बापूरावांनी बजावलंय. पण ठरायचं ते तिथंच, त्या पायऱ्यांवर ठरलं. श्यामलाचा पास मिळेपर्यंत आपणही लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही.

अहो, काय तो आठवडा! बुधवारपासून इमारतीचा जिना फुलून गेला. उंच टाचांच्या चपला हातात धरून बायका ऑफिसला उतरतायत, नवरे लॅपटॉपच्या पिशव्या पाठीला लावून मुकाट मागं. मुलांना तर सुट्टी लागल्यासारखं झालं. पाचव्या मजल्यावर कुणी माठ ठेवला, आठव्यावर स्टूल आलं. तीन वर्षं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहिलेली माणसं "तुम्ही आमच्या शेजारच्याच का?" म्हणून ओळखी करून घेत होती. गुरुवारी संध्याकाळी सातव्याच्या लिफ्टपुढच्या चौकात दोघी मोलकरणी आणि दोघी मॅनेजरणींनी फुगडी घातली, गरगर फिरून चौघी भिंतीला टेकल्या आणि कुणाला कुणाची चप्पल सापडेना. बापूराव दाढेला हात लावून म्हणाले, "राज्य काही राजाच्या जोरावर चालत नाही. ते होय म्हणणाऱ्यांच्या सवयीवर चालतं." ऐकायला कुणी थांबलं नाही, सगळ्या वर पळत होत्या.

आणि पुढची लिफ्ट, आरशासकट, पंख्यासकट, रिकामी. विश्वजीत दार धरून उभा राहायचा. "या ना," म्हणायचा. "नको, आम्ही जिन्यानं," सगळे गोड हसून सांगायचे. स्वतःच्या बायकोला म्हणाला, "शेफाली, तुझी नऊची मीटिंग आहे." शेफाली म्हणाली, "हो ना, म्हणून तर लवकर निघाले." आणि उतरायला लागली.

श्यामला गेटबाहेर बादलीवर. तिचे आठ दिवस संपत आले होते.

शुक्रवारी विश्वजीतनं शेवटचं शस्त्र काढलं. जिन्यात गर्दी करणाऱ्यांची यादी! पोपटला वही देऊन संध्याकाळी अकराव्या मजल्यावर उभं केलं आणि प्रत्येक नाव, प्रत्येक वेळ लिहायला सांगितली. आता त्या काळी पुण्यात भारनियमन होतं. वीज कधी जाईल याचं वेळापत्रक छापून यायचं आणि वीज ते वेळापत्रक न वाचता जायची. गेली की पोपटनं खाली जनरेटर सुरू करायचा. जनरेटरची किल्ली पोपटच्या खिशात, आणि पोपट अकराव्यावर वहीत नावं लिहितोय. बरोबर सात वाजता वीज गेली. आणि चेअरमनसाहेब लिफ्टमध्ये, सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये.

धाडधाड आवाज आला तेव्हा सोजरबाई सातव्याच्या चौकात होत्या, भोवती सात-आठजणी. आत कोण आहे हे कळायला क्षण लागला. मग जी काय लाट उठली हसण्याची! कुणी पदर तोंडात कोंबला, कुणी भिंतीकडं तोंड फिरवलं. आणि सोजरबाई? आयुष्यभराचं हसू एकदम पोटात गोळा झालं. त्यांनी स्वतःच्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ राहिला. चौथी गोष्ट, चौथी गोष्ट, म्हणत त्या लिफ्टच्या दाराशी जमिनीवर बसल्या.

"कोण आहे बाहेर?"

"मी हाय साहेब, सोजरबाई."

"पोपट कुठे गेलाय?"

"अकराव्यावर हाय. तुमीच उभं केलंय त्याला."

बाहेर एकीनं दुसरीच्या खांद्यात तोंड खुपसलं. वरून पोपट धावत निघाल्याचं कळत होतं, पण त्याचं वजन भरपूर, जिना अंधारा आणि जिन्यात माणसं.

"इथे फार अंधार आहे हो," आतून आवाज आला. चेअरमनचा नव्हता तो, नुसत्या माणसाचा होता.

"हितं बी हाय. तुमी खाली बसा. भीती वाटती का?"

"थोडी. गुदमरतंय."

"दाराच्या फटीपाशी तोंड आणा. मी वारा घालती." सोजरबाईंनी डब्याचं झाकण घेतलं आणि फटीशी हलवायला लागल्या. "येतंय का?"

"येतंय." मग अगदी हळू, "बाहेर सगळे हसतायत ना मला?"

आता आली पंचाईत. खोटं बोलायचं नाही. हसायचं तर नाहीच. सोजरबाईंनी मागं वळून पाहिलं, आठ बायका ओठ आवळून, डोळ्यांत पाणी आणून उभ्या होत्या.

"हसू लई येतंय साहेब," सोजरबाई म्हणाल्या, "पर कुणी हसत न्हाई."

झाकण हलत राहिलं. आणि मग लिफ्टमधून एक चमत्कारिक आवाज आला, फुसकन, दाबून धरलेला निसटावा तसा. विश्वजीत हसत होता! तो हसला तसं बाहेर कुणाला आवरेना, सगळ्या धबाधबा पायऱ्यांवर बसल्या, दाराच्या अल्याड पल्याड नुसता गोंधळ. सोजरबाईंच्या तर बरगड्या दुखायला लागल्या, तरी हातातलं झाकण काही थांबलं नाही.

हसून झाल्यावर तो म्हणाला, "त्या गेटबाहेर बसतात, त्यांचं नाव काय?"

"श्यामला. वाशीमची हाय. आठवा लागल आता."

"आठवा? मला माहीत नव्हतं."

"तुमी इचारलं न्हाई."

पंचवीस मिनिटांनी जनरेटर धडधडला. लिफ्ट सातव्यावर आली, दार उघडलं, घामानं निथळलेला विश्वजीत बाहेर आला. कुणी टाळी वाजवली नाही. शेफालीनं पाचव्याच्या माठातलं पाणी आणून दिलं. ते उभ्याउभ्या पिऊन तो जिन्यानं वर गेला.

शनिवारी सकाळी फलकावर दहावी नोटीस नव्हती. पोपटनं गेट उघडलं आणि श्यामलाच्या हातावर पास ठेवला. देताना यावेळीही तो रडवेलाच होता, त्याला दुसरं तोंड येतच नसावं. श्यामलानं पास दोनदा पुसला. सोजरबाई तिला हाताला धरून लॉबीत घेऊन आल्या. पण धसका कसा असतो बघा, पोरगी सरळ जिन्याकडं वळली.

पुढची लिफ्ट उभीच होती. आत विश्वजीत, दुधाच्या पिशव्या घेऊन वर निघालेला. त्यानं पायानं दार अडवून धरलं. "या," म्हणाला.

श्यामला आत गेली ती कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली, आरशाला साडी लागू नये म्हणून. मागून सोजरबाई. दार मिटलं. विश्वजीतचं बोट बटणांपाशी थांबलं होतं.

"कितवा मजला?" त्यानं विचारलं.

या इमारतीत तीन वर्षांत सोजरबाईंना कुणी कुणी काय काय सांगितलं होतं, कितव्यावर ये, किती वाजता ये, कुठल्या बाजूनं ये. विचारलं मात्र कुणी नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि तो हसू दाबायला नव्हता.

"नववा जी," श्यामला म्हणाली.

विश्वजीतनं नऊ दाबला. स्वतःचा अकरावा दाबायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.